‘शांत झोपल्या आहेत’ : एका आजींचं प्रकरण

या प्रकरणातल्या आजी, त्यांची मुलगी, सिस्टर आणि डॉक्टर यांपैकी कोणीही एक खरी व्यक्ती नाही. सर्जिकल वॉर्डात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलं आहे. आकडे मात्र मुद्दाम असे घेतले आहेत की वाचणाऱ्याने वही काढून ते पडताळून बघावेत.

नर्सिंगच्या वर्गात करुणा आणि रुग्णाची बाजू मांडणं हे दोन वेगळे धडे म्हणून येतात. पहिला स्वभावाचा समजला जातो, दुसरा धाडसाचा. मला ही वाटणी कधीच पटलेली नाही. रुग्णाजवळ जो बसतो त्यालाच काहीतरी दिसतं, आणि ज्याला दिसलेलं असतं त्याच्याकडेच डॉक्टरपुढे मांडायला काही असतं. या प्रकरणात हे फार स्वच्छ दिसतं.

पार्श्वभूमी

आजींचं वय ७६. घरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन सांध्याचा अर्धा भाग बदलला. रक्तदाबाचा त्रास जुना, त्यासाठी मेटोप्रोलोल चालू. एरवी वरचा रक्तदाब १५०च्या आसपास. दोन्ही कानांना यंत्र, जाड भिंगांचा चष्मा. डोकं एकदम तल्लख. घरातली सगळी बिलं, औषधं, तारखा त्यांच्याच लक्षात.

शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस, संध्याकाळची पाळी. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल चालू. आदल्या रात्री वॉर्डात गोंधळ होता, झोप येईना म्हणून झोपेसाठी अँटिहिस्टामिनची गोळी दिलेली. लघवीची नळी अजून तशीच. दुपारच्या सिस्टरने दिलेली ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगायची माहिती, एका ओळीची होती : “बेड अकरा, दुसरा दिवस, शांत झोपल्या आहेत, काही तक्रार नाही, जेवण थोडंच घेतलं.”

तक्रार नाही, हे वाक्य वॉर्डात दिलासा देणारं असतं. ज्या पाळीत दोन रुग्ण उलट्या करत असतात, एकाची सलाइन बाहेर आलेली असते आणि चौथ्याचे नातेवाईक टेबलाशी उभे असतात, त्या पाळीत झोपलेला रुग्ण म्हणजे देवाची कृपा. त्यामुळेच तो राहून जातो. शस्त्रक्रियेनंतर म्हातारा माणूस आरडाओरडा करू लागला, नळ्या ओढू लागला, तर पाच मिनिटांत सगळे धावतात. तोच माणूस गप्प पडून राहिला तर कोणी येत नाही. दोन्ही एकाच आजाराची रूपं असू शकतात. त्याला डेलिरियम म्हणतात, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला मेंदूचा गोंधळ. त्याचं गप्प रूप जास्त वेळा निसटतं.

संध्याकाळी काय घडलं

संध्याकाळच्या सिस्टर कूस बदलायला गेल्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून हे दर दोन-तीन तासांनी करायचं असतं, आणि घाईच्या वॉर्डात तेवढंच करून पुढच्या बेडकडे जाता येतं. आजींचे ओठ सुकून सालपटं निघालेली होती. सिस्टरांनी गॉज ओला करून ओठ पुसले, उशी नीट केली, आणि हाक मारली. आजींनी डोळे उघडले, बघितलं, पुन्हा मिटले.

इथे सिस्टरांनी जे केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. त्यांनी लगेच काही निष्कर्ष काढला नाही. कानात यंत्र नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ऑपरेशनला नेताना काढलेली दोन्ही यंत्रं लॉकरच्या ड्रॉवरमध्ये गॉजच्या पुडीत तशीच होती, चष्मा त्यांच्याखाली. म्हणजे दोन दिवस या बाईंशी लोक बोलत होते आणि त्यांना धड ऐकूही येत नव्हतं, दिसतही नव्हतं. सिस्टरांनी यंत्रं लावली, चष्मा घातला, चेहरा समोर आणून सावकाश विचारलं :

“आजी, मी संध्याकाळची सिस्टर. तुमचं नाव सांगता?”

नाव बरोबर आलं.

“आत्ता आपण कुठे आहोत?”

“गाडीत,” आजी म्हणाल्या. “अजून उतरायचंय.”

“बरं. आठवड्याचे वार उलटे म्हणून दाखवता? रविवार, मग?”

“रविवार... शनिवार... गुरुवार...” आणि डोळे मिटले.

यंत्रं लावली नसती तर हे सगळं बहिरेपणाच्या खात्यात जमा झालं असतं. लावल्यावर ती पळवाट बंद झाली. ऐकू येत होतं, पण लक्ष टिकत नव्हतं. डेलिरियम ओळखण्याची ‘कॅम’ नावाची पद्धत शॅरन इनॉय आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. तिचा गाभा हाच आहे : बदल अचानक आलेला आणि कमीजास्त होणारा हवा, लक्ष न टिकणं हवं, आणि सोबत विचारांचा विस्कळितपणा किंवा शुद्धीच्या पातळीतला बदल, यांपैकी एक तरी हवं. वार उलटे म्हणायला लावणं ही लक्ष तपासण्याची सोपी युक्ती. तिला ना यंत्र लागतं, ना डॉक्टरची सही.

मग नाडीवर बोटं ठेवून सिस्टर आजींच्या छातीकडे बघत राहिल्या. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून जुन्या सिस्टर बोटं मनगटावरून न हलवता श्वास मोजतात. पूर्ण मिनिटभर. आकडा आला २४. चार्टवर सकाळपासून चार नोंदी होत्या : १८, १८, १८, १८.

त्या चार अठरांबद्दल पुढे बोलू.

मुलगी काय सांगत होती

आजींची मुलगी सकाळपासून बाकड्यावर बसून होती. तिने दोनदा सांगून पाहिलं होतं की आई नेहमीसारखी नाही. एकदा उत्तर मिळालं, “भूल उतरायला वेळ लागतो.” दुसऱ्यांदा, “वय झालंय ना.” सिस्टरांनी तिला बाजूला न घेता बेडपाशीच विचारलं, “तुम्हाला नेमकं काय बदललेलं वाटतंय?”

“ऑपरेशनला नेत होते तेव्हा मला विचारत होती, विजेचं बिल भरलंस का. आणि आज सकाळी मला ‘ताई’ म्हणाली. ताई म्हणजे माझी मावशी हो, जाऊन वर्षं झाली तिला.”

हे वाक्य कुठल्याही तपासणीपेक्षा कमी नाही. बदल अचानक आहे की जुनाच आहे, हे फक्त घरचं माणूस सांगू शकतं. आजी आधीपासून विसरभोळ्या असत्या तर ‘गाडीत’ या उत्तराला तेवढा अर्थ उरला नसता. नातेवाइकांच्या काळजीला ‘घाबरलेत’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्या व्यवसायाला फार वाईट सवय आहे. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने गेली. आईवडील तिची प्रकृती बिघडतेय म्हणून सांगत होते. त्यानंतर तिथल्या रुग्णालयांत २०२४ पासून ‘मार्थाज् रूल’ आणायला सुरुवात झाली : रुग्णाची तब्येत खालावतेय असं वाटलं तर रुग्ण किंवा कुटुंब स्वतः दुसऱ्या, अतिदक्षता विभागाच्या पथकाकडून तातडीची तपासणी मागू शकतं. असा नियम जिथे नाही, तिथे ते काम सिस्टरच्या अंगावर येतं.

तीन, पाच, आठ

आता वही काढा. ‘न्यूज’ ही रुग्णाची तब्येत किती बिघडतेय हे मोजणारी गुणपद्धती इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप यांना ० ते ३ गुण, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी २. बेरीज ५ झाली तर तातडीने डॉक्टरने बघायचं, ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. २०१७ च्या सुधारणेतला महत्त्वाचा बदल म्हणजे नव्याने आलेला गोंधळ; त्याला एकदम ३ गुण.

आजींचे आकडे : ऑक्सिजन साध्या हवेवर ९४ टक्के, १ गुण. वरचा रक्तदाब १०८, १ गुण. नाडी ९६, १ गुण. ताप ३७.८ अंश सेल्सियस, शून्य. चार्टवरचा श्वास १८ धरला आणि ‘झोपल्या आहेत’ हे खरं मानलं, तर एकूण ३. काळजीचं कारण नाही. श्वास खरोखर मोजला की २४ ला २ गुण, एकूण ५. हाक मारून, यंत्र लावून, वार विचारून गोंधळ नोंदवला की आणखी ३. एकूण ८.

बाई तीच, बेड तोच. तीनपासून आठपर्यंतचं अंतर ओठ पुसायला थांबलेल्या माणसाने कापलं.

शिवाय दोन गोष्टी या तक्त्यात बसत नाहीत. मेटोप्रोलोल नाडी वाढू देत नाही, त्यामुळे ९६ हा आकडा दिसतो त्याहून गंभीर. आणि जिचा रक्तदाब एरवी १५० असतो तिचा १०८ म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे. म्हाताऱ्या शरीरात जंतुसंसर्ग असूनही ताप येईलच असं नाही, हेही सिस्टरांना ठाऊक होतं.

तीन फोन

खरं तर पहिला फोन त्यांनी हे सगळं मोजण्याआधीच केला होता, हाकेला नीट उत्तर आलं नाही तेव्हा. “सर, बेड अकराच्या आजी जरा वेगळ्या वाटतायत.” ऑन-कॉल निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. पलीकडून उत्तर आलं, “वयामुळे होतं सिस्टर, सकाळी राऊंडला बघू.” या उत्तराला निष्काळजी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हातमोजे घातलेल्या माणसाला, कोणीतरी कानाशी धरलेल्या फोनवरून ‘जरा वेगळ्या’ या शब्दांत करण्यासारखं काही मिळालं नव्हतं.

दुसरा फोन मोजमाप झाल्यावर, साधारण वीस मिनिटांनी.

“सर, बेड अकरा, खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. गोंधळ नवीन आहे, मुलगीही तेच सांगते. श्वास चोवीस, मी पूर्ण मिनिट मोजलाय. बीपी एकशे आठ, एरवी दीडशे असतं, मेटोप्रोलोल चालू आहे. सॅच्युरेशन चौऱ्याण्णव. न्यूज आठ. मला संसर्गाची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं असं माझं म्हणणं आहे. तोपर्यंत ऑक्सिजन तयार ठेवते. रक्ततपासणीसाठी ट्यूबा काढून ठेवू?”

परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी : ही चौकट ‘एसबार’ म्हणून ओळखली जाते. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आली आणि कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेने रुग्णालयांत रुजवली. तिचा सगळा जोर शेवटच्या पायरीवर आहे. आपल्याकडच्या नर्सिंगच्या संस्कारात पहिल्या दोन पायऱ्या चोख येतात, तिसऱ्यावर आवाज खाली जातो आणि चौथी बहुतेक वेळा गिळली जाते. “बघा सर, तुम्हाला काय वाटतं ते” असं म्हणून फोन ठेवला जातो.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी लागेल, पॅरासिटामॉल द्या. सिस्टरांनी फोन ठेवला नाही. “सर, मला काळजी वाटतेय. अर्धा तास थांबणं मला सुरक्षित वाटत नाही. तुम्ही थिएटर सोडू शकत नसाल तर मी आयसीयूच्या डॉक्टरांना कळवते, आणि तसं नोट्समध्ये लिहिते.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “कळवा. माझं नाव सांगा.”

हे भांडण नव्हतं. काळजी दोनदा, स्पष्ट शब्दांत मांडायची, आणि तरीही उत्तर पुरेसं वाटलं नाही तर वरच्या पायरीवर जायचं, हा रुग्णालयातल्या पथकांसाठीच्या ‘टीमस्टेप्स’ या प्रशिक्षणात शिकवलेला नियम आहे. त्यात धमकीचा सूर लागत नाही, कारण पुढचं पाऊल आधीच उघड सांगितलेलं असतं. तिसरा फोन आयसीयूला गेला आणि ते डॉक्टर पंधरा मिनिटांत बेडपाशी होते.

सिस्टरांची नोट मी वर्गात वाचून दाखवते. “६.४० : डॉ. ना फोनवर कळवले, सकाळी बघण्याची सूचना. ७.०० : पुन्हा कळवले, न्यूज ८, तातडीने येण्याची विनंती. ७.०५ : आयसीयूला कॉल. ७.२० : आयसीयू डॉक्टर बेडसाइडला.” एकही विशेषण नाही, कोणावर ठपका नाही. अशी नोट रुग्णालाही वाचवते आणि सिस्टरलाही.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला. ग्लानीत, जवळजवळ आडव्या अवस्थेत भरवल्यामुळे अन्नाचा अंश श्वासनलिकेत गेला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज. जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी (कल्चर) रक्त घेऊन पहिल्या तासातच प्रतिजैविक सुरू झालं. सलाइन, ऑक्सिजन, बेडचं डोकं वर. गिळणं तपासेपर्यंत तोंडाने काही नाही. डेलिरियम वाढवू शकतात म्हणून झोपेची गोळी बंद, ट्रॅमाडॉलऐवजी दुसरी व्यवस्था. लघवीची नळी अजून कशासाठी आहे, हे सिस्टरांनीच विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली.

मास्क

रात्री वेगळाच प्रश्न उभा राहिला. आजी मास्क काढून टाकत होत्या. लावला की दोन मिनिटांत हनुवटीखाली. कोणीतरी म्हणालं, हात बांधा. सलाइनचा हातही सुरक्षित राहील.

हात बांधल्याने डेलिरियम वाढतो, सुटायच्या धडपडीत इजा होऊ शकते, आणि माणूस हॉस्पिटलला कायमचा घाबरू शकतो. रात्रपाळीच्या सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि फक्त बघत राहिल्या. आजी मास्क कधी काढतात? कोणी काही विचारलं की. बी.पी. घ्यायला आलेला माणूस विचारायचा, “कसं वाटतंय आजी?” आणि आजी उत्तर द्यायला मास्क काढायच्या. त्यांच्या दृष्टीने ती सभ्यता होती. तोंड झाकून कोणी बोलतं का?

ऑक्सिजनची गरज आता नाकात लावायच्या बारीक नळीवर (प्राँग्ज) भागण्यासारखी होती. डॉक्टरांना विचारून मास्क बदलला. हात बांधण्याचा विषय तिथेच संपला. उरलेल्या रात्री मुलगी शेजारी बसली, दिवे मंद केले, यंत्रं कानातच ठेवली.

कोणाला विचारायचं

तिसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठ डॉक्टर मुलाशी बाहेर बोलत होते : तब्येत आणखी बिघडली तर व्हेंटिलेटर लावायचा का? मुलगा गांगरलेला, बहिणीकडे बघतोय. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन जात होत्या, त्या थांबल्या. “सर, सकाळी आजींचं लक्ष चांगलं असतं. आत्ताच वार उलटे बरोबर म्हणाल्या. त्यांनाच विचारायचं का?”

डेलिरियममध्ये शुद्ध वरखाली होते, तशी निर्णय घेण्याची क्षमताही. आदल्या संध्याकाळी नव्हती म्हणून आजही नसेल असं धरून चालणं सोयीचं असतं, बरोबर नसतं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसची आचारसंहिता १९५३ पासून आहे, २०२१ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. रुग्णाचा हक्क आणि त्याचं म्हणणं जपण्याची जबाबदारी ती नर्सवर स्पष्टपणे टाकते. पण संहिता कॉरिडॉरमध्ये ट्रॉली थांबवत नाही.

डॉक्टर आत आले, खुर्चीवर बसले, सावकाश बोलले. आजींनी ऐकून घेतलं. “लावा लागलं तर. पण मला आधी सांगा. आणि ह्याला काही विचारू नका, हा लगेच रडतो.” मुलगा खरंच रडत होता. व्हेंटिलेटरची वेळ आली नाही.

चार अठरा

आढावा बैठकीत सगळ्यांना त्या १८ आकड्यांबद्दल बोलायचं होतं. दुपारच्या सिस्टरने श्वास मोजलाच नव्हता, वरचा आकडा खाली उतरवला होता. तिला मेमो द्यावा असं एकाचं म्हणणं. मी त्याच्या विरोधात आहे. चुकीला चूक म्हणायलाच हवं, खोटी नोंद ही किरकोळ बाब नाही. पण श्वास हा आकडा असा आहे की जो वॉर्डातलं साधं यंत्र आपोआप देत नाही, ज्यासाठी साठ सेकंद उभं राहावं लागतं. अपुऱ्या माणसांच्या पाळीत पहिले तेच साठ सेकंद कापले जातात, आणि हे एका वॉर्डाचं वैशिष्ट्य नाही. मेमोने पुढचे आकडे १८ ऐवजी १७, १९, १८ असे फिरते येतील, इतकंच.

बैठकीत इनचार्ज सिस्टरांनी वेगळी मागणी ठेवली. ओव्हर घेताना ‘शांत’ आणि ‘झोपलेले’ हे शब्द वापरायचे असतील तर हाकेला काय उत्तर आलं तेही सांगायचं. ऑपरेशनहून परतलेल्या रुग्णाची यंत्रं आणि चष्मा परत लावल्याची खूण चार्टवर करायची. दुपारच्या पाळीला एक माणूस वाढवून द्यायचा. पहिल्या दोन मागण्या त्याच दिवशी मान्य झाल्या. तिसरी ‘विचाराधीन’ आहे. खर्च फक्त तिसरीला आहे, हे सांगायला नकोच.

संध्याकाळच्या सिस्टरचं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्यांची थोडी भीती वाटते. टाळ्या वाजवल्या की तिसऱ्या मागणीवर बोलायची गरज उरत नाही.

डिस्चार्जचा कागद

अकराव्या दिवशी आजी वॉकर धरून निघाल्या. डिस्चार्जच्या कागदावर खुब्याचं ऑपरेशन होतं, न्यूमोनिया होता, औषधांची यादी होती. डेलिरियम हा शब्द कुठेही नव्हता. बरं वाटलं की तो असाच गळून जातो, कारण निदानांच्या यादीत तो कोणाच्याच विभागाचा नसतो. पण एकदा डेलिरियम होऊन गेलेल्या माणसाला पुढच्या आजारपणात तो पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो. उद्या मोतीबिंदूसाठी आजी दुसरीकडे भरती झाल्या तर तिथल्या लोकांना हे कळायचं कसं?

सिस्टरांनी निवासी डॉक्टरांना गाठून दोन ओळी वाढवून घेतल्या : शस्त्रक्रियेनंतर गप्प स्वरूपाचा डेलिरियम झाला होता; झोपेच्या अँटिहिस्टामिन गोळ्या टाळाव्यात, श्रवणयंत्रं व चष्मा सतत लावून ठेवावेत, वर्तनात अचानक बदल दिसल्यास संसर्ग तपासावा. मग मुलीला शेजारी बसवून त्या ओळी वाचून दाखवल्या आणि सांगितलं, कुठेही भरती केलंत तर पहिल्यांदा हा कागद दाखवा. कोणी ‘वयामुळे’ म्हणालं तर पुन्हा दाखवा.

मुलीने मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला आणि भावालाही पाठवला.